धंतोलीची नाग नदी आणि उजेड देणारे जीवाणू

विदर्भातील एखाद्या गावात 'नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणू' असे ठरले, की पुढचा प्रश्न बहुधा एकच असतो : धंतोलीत की रामदासपेठेत? आपणापैकी अनेक जण या निमित्ताने धंतोलीत येऊन गेलेले असतील. हातात क्ष-किरण चित्रांचे पाकीट, पिशवीत पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा वा सासूबाईंचा हात धरलेला. एकेकाळी बंगल्यांची निवांत वस्ती असलेला हा भाग आज रुग्णालये, तपासणी केंद्रे आणि औषधांची दुकाने यांनी इतका भरला आहे, की येथील वाहनांच्या गर्दीचा प्रश्न रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला.

तपासणीचा अहवाल मिळायला दोन तास आहेत असे सांगितले जाते, तेव्हा त्या दोन तासांचे काय करावे हे काळजीवाहू माणसाला कळत नाही. त्या मोकळ्या वेळेत या लेखाबरोबर धंतोलीत एक फेरफटका मारा. वाट सपाट आहे आणि मध्ये बसायला जागा आहेत. फेरीच्या शेवटी आपल्या घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीशी थेट संबंध असलेली एक गोष्ट हाती लागेल.

मठापासून पुलापर्यंत

आरंभ रामकृष्ण मठापासून करावा. 1928 साली येथे या मठाचे कार्य सुरू झाले. मराठीतील अध्यात्मपर पुस्तकांचे प्रकाशन, ग्रंथालय आणि धर्मार्थ दवाखाना यांमुळे नागपूरकरांच्या कित्येक पिढ्यांचे पाय येथे वळले आहेत. मंदिराच्या शांततेत थोडा वेळ टेकता येते. तेथून धंतोली उद्यान जवळच आहे. सकाळी फेऱ्या मारणारी आणि संध्याकाळी बाकांवर गप्पा मारणारी ज्येष्ठ मंडळी हीच या उद्यानाची खरी ओळख.

तेथून वर्धा मार्गाकडे वळून पंचशील चौकात आलात, की रस्त्याखालून एक प्रवाह जाताना दिसतो. पुष्कळ जण त्याला नाला समजून पुढे जातात. तो नाला नव्हे, ती नाग नदी. ज्या नदीवरून नागपूरचे नाव पडले असे परंपरा सांगते, तीच ही. शहराच्या पश्चिमेस लाव्हा परिसरातील टेकड्यांत ती उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे येते आणि रामदासपेठ, धंतोली, सीताबर्डी यांच्या कडेने शहर ओलांडते. पुढे पिवळी नदीला घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि हे सारे पाणी भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द जलाशयात जाऊन थांबते. म्हणजे धंतोलीच्या पुलाखालून जे वाहते, ते पुढे कोणाच्या तरी शेतात व मासेमाऱ्याच्या जाळ्यात पोहोचते.

नदीच्या शुद्धीकरणासाठी 1,925 कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 रोजी झाली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे काही तासांत 100 मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या घरांत शिरली. पंचशील चौकातील पुलाचेही नुकसान झाले. पूर ओसरल्यावर घरोघरी उरला तो काळा गाळ. तो स्वयंपाकघरात होता, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत होता, तळमजल्यावर झोपणाऱ्या वृद्धांच्या खाटेखाली होता.

त्या गाळात काय होते? मैला होता हे नाकाला कळले. परंतु शिसे होते का, कॅडमियम होते का, पारा होता का, हे ना नाकाला कळते, ना डोळ्याला, ना जिभेला. आजचा आपला विषय येथूनच सुरू होतो.

न दिसणारे पाहुणे

शिसे, पारा, कॅडमियम आणि त्यांच्याच पंक्तीला बसवले जाणारे आर्सेनिक यांना आपण ढोबळपणे 'जड धातू' म्हणतो. जुन्या बॅटऱ्या, विद्युत विलेपनाचे कारखाने, इलेक्ट्रॉनिक भंगार, रंग आणि दगडी कोळशाची राख यांतून ते पाण्यात व मातीत उतरतात. नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत. जुलै 2022मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत व ओढ्यांत पसरली. कोळशाच्या राखेत हे धातू अल्प प्रमाणात असतात. प्रश्न त्यांच्या साचण्याचा असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. धंतोलीच्या नळाला नाग नदीचे पाणी येत नाही. नागपूरला पिण्याचे पाणी पेंच जलाशय व कन्हान नदी यांतून, शुद्धीकरण होऊन मिळते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु आपल्या घरी विहीर वा बोअर असेल, पुराचे पाणी टाकीत शिरले असेल किंवा आपले गाव कारखान्याच्या वा राखेच्या तळ्याच्या जवळ असेल, तर पाणी तपासून घेणे हे शहाणपणाचे आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत ही काळजी अधिक का? शरीरात गेलेले शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत जाऊन बसते. प्रौढाच्या शरीरातील 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तेथे ते दशकानुदशके राहते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद झाले ते 2000 साली. ज्यांनी सत्तर, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत वर्धा मार्गावरून रोज सायकल वा स्कूटर चालवत कचेरी गाठली, त्यांच्या हाडांत त्या धुराचा काही अंश आजही असू शकतो. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात किंवा माणूस दीर्घकाळ अंथरुणास खिळतो, तेव्हा हाड झिजते आणि त्याबरोबर ते जुने शिसे पुन्हा रक्तात उतरू लागते. अशा शरीराला बाहेरून नवे शिसे मिळू न देणे, एवढे तरी आपल्या हाती असते. कॅडमियमचे घर मूत्रपिंडात. तेही तेथे दहा ते तीस वर्षे मुक्काम करते, आणि वयाबरोबर मूत्रपिंडाची शक्ती तशीच कमी होत असते.

जीवाणूंचा पहारा

आता पुन्हा पुलावर येऊ. खाली वाहणाऱ्या पाण्याच्या एकेका थेंबात असंख्य जीवाणू आहेत. आपल्याला ते रोगकारक म्हणूनच ठाऊक. परंतु धातूंच्या बाबतीत ते आपल्याहून फार जुने जाणकार आहेत. पृथ्वीवर पारा, आर्सेनिक हे पदार्थ मुळापासून होतेच. त्यांच्या सान्निध्यात जगता जगता काही जीवाणूंनी स्वसंरक्षणाची व्यवस्था उभी केली.

पाऱ्याचेच उदाहरण घ्या. पारा पचवू शकणाऱ्या जीवाणूंच्या जनुकांवर एक प्रथिन द्वारपालासारखे बसलेले असते. शास्त्रज्ञ त्याला 'मर-आर' म्हणतात. पारा नसेल तेव्हा दार बंद, कारण विनाकारण शक्ती खर्च करणे जीवाणूला परवडत नाही. पाऱ्याचा कण येऊन द्वारपालाला चिकटला, की त्याचा आकार बदलतो आणि दार उघडते. मग पाऱ्याचे रूप पालटून त्याला वाफेच्या रूपाने बाहेर घालवणारे विकर तयार होऊ लागते. आर्सेनिकसाठी, शिशासाठी, कॅडमियमसाठी असेच वेगवेगळे द्वारपाल आहेत. बेल्जियममधील जस्ताच्या एका कारखान्याच्या निवळण-टाकीत 1976 साली सापडलेला एक जीवाणू तर अशा अनेक द्वारपालांचा मालक निघाला. आज त्याला क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स या नावाने ओळखतात.

शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. द्वारपाल तोच ठेवला, पण दाराआड विकराच्या जनुकाऐवजी उजेड देणारे जनुक बसवले. समुद्रातील काही जीवाणू आणि आपला परिचित काजवा यांच्याकडे अशी जनुके असतात. आता पारा आला, दार उघडले, की जीवाणू उजळतो. पारा जितका अधिक, ठरावीक मर्यादेपर्यंत उजेड तितका अधिक. उपकरणाने तो उजेड मोजला, की पाण्यातील पाऱ्याचा अंदाज मिळतो. अमेरिकेतील संशोधकांनी 1993 साली पाऱ्यासाठी असे उजळणारे जीवाणू सिद्ध करून दाखवले. यालाच जैवसंवेदक म्हणतात. काही प्रकारांत उजेडाऐवजी रंग बदलतो.

याच्या उलट चालणारी एक पद्धत याहूनही जुनी आहे. समुद्रातील एक जीवाणू मुळातच मंद निळसर प्रकाश देतो. त्याला विषारी पाण्यात सोडले, की त्याचा प्रकाश मंदावतो. कोणते विष आहे हे त्यावरून कळत नाही, पण विष आहे हे लगेच कळते. पहिल्या पद्धतीत दिवा लागणे ही खूण, दुसरीत दिवा विझणे ही खूण.

यंत्र असताना जीवाणू कशाला?

आपल्या मनात प्रश्न येईल की धातू मोजणारी यंत्रे असताना हा खटाटोप कशासाठी? दोन कारणे आहेत. एक, ती यंत्रे महाग असतात आणि प्रशिक्षित माणसांनी मोठ्या प्रयोगशाळेतच चालवावी लागतात. खेड्यातील शेकडो विहिरींचे पाणी तेथवर नेणे जिकिरीचे असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. यंत्र पाण्यातील एकूण धातू मोजते. परंतु त्यातील काही भाग मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला असतो आणि सजीवाच्या पेशीत शिरत नाही. जीवाणू मात्र त्याच्या पेशीत जे शिरले तेवढ्यालाच उत्तर देतो. म्हणजे सजीवाला बाधू शकेल असा अंश किती, याची सूचना तो देतो. आपल्यासाठी खरा प्रश्न तोच असतो.

ही कल्पना कागदावर राहिलेली नाही. व्हिएतनाममध्ये भूजलातील आर्सेनिकचा प्रश्न गंभीर आहे. तेथील 194 नमुने आर्सेनिक ओळखणाऱ्या जीवाणूंकडून तपासून त्यांची तुलना यंत्राच्या मोजणीशी केली गेली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दूषित पाण्याला निर्दोष ठरवण्याची चूक 8 टक्के आणि निर्दोष पाण्याला दूषित ठरवण्याची चूक 2.4 टक्के आढळली. क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या रासायनिक संचांपेक्षा ही कामगिरी पुष्कळ चांगली होती. तरीही 8 टक्के म्हणजे शंभरात आठ घरे चुकीच्या भरवशावर पाणी पिणार, हे विसरता येत नाही. म्हणून जैवसंवेदकाने चाळणी लावावी आणि संशयित नमुन्यांचा अंतिम निकाल यंत्राने द्यावा, हाच विवेकी मार्ग.

आर्सेनिक आपल्यापासून फार दूर नाही, हेही सांगितले पाहिजे. गोंदिया व गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या पट्ट्यात, जुन्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा गावी, 1999 साली भूजलात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. धंतोलीत उपचारांसाठी येणारी माणसे याच दिशांहून येतात.

आपल्याकडचे काम

धंतोलीपासून थोड्याच अंतरावर, नेहरू मार्गावर, नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. 1958 साली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली आणि 1974 साली तिला आजचे नाव मिळाले. देशातील पाणी, हवा आणि सांडपाणी यांवरील संशोधनाचे मुख्य पीठ नागपुरात असावे, ही या शहराची भाग्याची गोष्ट आहे.

गोव्यात तर या विषयावर लक्षणीय काम झाले आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2003 साली असे नोंदवले, की आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात पारा सहन करणाऱ्या जीवाणूंची संख्या विलक्षण वाढली आहे. जीवाणूंची बदललेली लोकसंख्या हीच येथे प्रदूषणाची साक्ष ठरली. गोवा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मोटारींच्या टाकाऊ बॅटऱ्यांनी दूषित झालेल्या मातीतून शिसे सहन करणारे जीवाणू वेगळे केले. त्यांतील एका जीवाणूत शिशाच्या सान्निध्यात लोह पकडणाऱ्या एका द्रव्याची निर्मिती वाढते, असे 2011 साली त्यांनी दाखवले. दुसरा एक जीवाणू विरघळलेल्या शिशाचे न विरघळणाऱ्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो. म्हणजे जो पहारेकरी तोच काही वेळा सफाई कामगारही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात धातूंऐवजी मिथाइल पॅराथिऑन या कीटकनाशकाचा शोध घेणारा जिवंत पेशींचा संवेदक तयार झाला. कापूस पिकवणाऱ्या विदर्भाला त्याचे मोल सांगायला नको.

या साऱ्याला मर्यादा आहेत. जीवाणू जिवंत राहायला हवेत, त्यांना योग्य तापमान लागते, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिन त्यांना मारून टाकते. जनुके बदललेले जीवाणू मोकळे सोडता येत नाहीत. आपल्या देशात त्यासाठी 1989 सालचे नियम आहेत. म्हणून असे संवेदक बंद कुपीतच वापरावे लागतात. घरी आणून पाणी तपासावे असा सर्वमान्य संच आज बाजारात नाही. कोणी 'जीवाणूयुक्त जादूची पट्टी' विकू लागले, तर सावध राहा.

आणखी एक गोष्ट रुग्णालयांच्या या वस्तीत सांगणे अगत्याचे आहे. धातू सहन करण्याची जनुके आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याची जनुके पुष्कळदा जीवाणूच्या एकाच जनुकीय तुकड्यावर शेजारी शेजारी असतात. धातूंनी दूषित पाण्यात जे जीवाणू तगतात, त्यांपैकी काही औषधांनाही दाद देत नाहीत. अतिदक्षता विभागातील वृद्ध रुग्णाला औषध लागू पडत नाही, तेव्हा त्याची अनेक कारणे असतात. नद्यांतील धातू हे त्यामागचे एक दूरचे कारण असू शकते.

घरी परतल्यावर

अहवाल हाती आला, औषधे घेतली आणि आपण घरी परतलात. आता काय करता येईल?

पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. आर. ओ. पद्धतीचे शुद्धीकरण यंत्र बहुतेक धातू कमी करते, पण त्याची गाळणी वेळेवर बदलली असेल तरच. पाण्यातील एकूण क्षार दाखवणारा छोटा मीटर शिशाविषयी काहीच सांगत नाही. लिटरमागे शिसे 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.003 मिलिग्रॅम आणि पारा 0.001 मिलिग्रॅम यांहून अधिक नसावे, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. हे प्रमाण त्या मीटरच्या आवाक्यात येत नाही. बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावे आणि 'जड धातूही तपासा' असे आवर्जून सांगावे, कारण नेहमीच्या तपासणीत ते नसू शकतात. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. पुराचे पाणी शिरलेली टाकी गाळ काढून, घासून, धुऊन मगच भरावी आणि हे काम घरातील ज्येष्ठांनी करू नये.

पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना ती शुद्ध कथलाची असावी, शिसे मिसळलेली नव्हे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, कढी, चिंचेचे सार ठेवू नये. फार भडक पिवळी सुटी हळद घेण्याऐवजी हळकुंडे आणून दळून घ्यावीत, कारण रंग यावा म्हणून हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडले आहेत. पारा असलेला तापमापक फुटला, तर खिडक्या उघडाव्यात, झाडू वा निर्वात सफाईयंत्र वापरू नये, जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत आणि तेवढा वेळ आजी-आजोबांना व मुलांना दुसऱ्या खोलीत बसवावे.

सर्वांत नाजूक विषय पुड्यांचा. सांधेदुखीसाठी कोणीतरी सांगितलेली, नाव-परवाना नसलेली पुडी पुष्कळ घरांत असते आणि ज्येष्ठ मंडळी ती डॉक्टरांपासून लपवतात, कारण 'ते रागावतील'. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले होते. याचा अर्थ आयुर्वेद त्याज्य असा नाही. नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली, परवानाधारक औषधशाळेचे औषध घ्यावे, एवढाच आहे. काळजीवाहू मंडळींनी रागावून पुडी फेकू नये. प्रेमाने मागून घ्यावी आणि पुढच्या भेटीत इतर औषधांबरोबर डॉक्टरांपुढे ठेवावी.

हातापायांना मुंग्या, पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्तक्षय, चिडचिड, विसर ही शिशाच्या बाधेची लक्षणे असू शकतात. परंतु मधुमेह, जीवनसत्त्वांची उणीव, थायरॉइडचा विकार यांचीही ती लक्षणे आहेत आणि वृद्धांत तीच कारणे अधिक आढळतात. म्हणून स्वतः निदान करू नये आणि शरीरातील 'विष बाहेर काढणारी' औषधे स्वतःहून मुळीच घेऊ नयेत, कारण ती मूत्रपिंडाला इजा करू शकतात. संशयाला आधार असेल, म्हणजे वडील बॅटरीच्या, रंगाच्या वा छपाईच्या व्यवसायात होते, घरी अनेक वर्षे बोअरचेच पाणी आहे किंवा पुडी दीर्घकाळ चालू होती, तर हे सारे डॉक्टरांना सांगा आणि रक्तातील शिशाची तपासणी करावी का, असे विचारा. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. आधीच एका कागदावर लिहून नेले, तर धंतोलीतील त्या दहा मिनिटांच्या भेटीत ते सांगायचे राहून जाणार नाही.